एकाच गावातले दोन पत्ते : न्यू जर्सीतील एका स्थलांतरित मराठी महिलेच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रकरण

प्रकरणाविषयी

हे प्रकरण २०१९ ते २०२३ या काळातले आहे. मी त्या वेळी न्यू जर्सीतील एका सामुदायिक आरोग्य केंद्रात रुग्ण-मार्गदर्शक म्हणून काम करत होते. तपासणीपासून उपचारापर्यंतची कागदपत्रे जमवणे, तारखा मिळवणे, दुभाष्याची सोय पाहणे आणि रुग्ण मधेच कुठे गळणार नाही यावर लक्ष ठेवणे, असे त्या कामाचे स्वरूप होते. संबंधित महिलेच्या संमतीने हे लिहिले आहे. नाव बदलले आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. यातील काही चुका आमच्याच केंद्राच्या आहेत, त्यांतल्या दोन माझ्या स्वतःच्या आहेत, आणि त्या चुकांसाठीच हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटले.

पार्श्वभूमी

सुनंदाबाई ऑक्टोबर २०१८ मध्ये पती आणि धाकट्या मुलासह मिडलसेक्स काउंटीत राहायला आल्या, तेव्हा त्यांचे वय सेहेचाळीस होते. त्यांचे थोरले दीर नव्वदच्या दशकात संगणक अभियंता म्हणून अमेरिकेत गेले, तिथले नागरिक झाले आणि २००४ साली त्यांनी धाकट्या भावासाठी अर्ज केला. भावंडांच्या वर्गवारीत भारतीयांची रांग फार लांब असते. व्हिसा हातात पडेपर्यंत चौदा वर्षे गेली. तोवर थोरल्या मुलीचे लग्न झाले होते, शेती वाट्याने दिली होती, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर हे जोडपे नव्या देशात मजुरीपासून सुरुवात करत होते. तिघांकडेही ग्रीन कार्ड होते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते, कारण स्थलांतरितांच्या आरोग्याची चर्चा निघाली की कागदपत्रे नसलेल्यांचाच विचार होतो. सर्व कागद चोख असूनही दाराबाहेर राहणारे लोक त्या चर्चेत येत नाहीत.

पतीला एका टेम्प एजन्सीमार्फत गोदामात काम मिळाले. पहाटे व्हॅन येऊन माणसे भरून नेत असे. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी पगार नाही, आणि विमा तर नाहीच. सुनंदाबाई एका भारतीय किराणा दुकानाच्या मागच्या स्वयंपाकघरात पोळ्या आणि थेपले लाटायच्या. मजुरी रोख मिळे. राहायला एका घराचे बेसमेंट होते, ज्याला स्वतंत्र दार होते, परंतु स्वतंत्र टपालपेटी नव्हती.

एडिसन आणि आयझेलिन यांच्या मधून जाणारा ओक ट्री रोड भारतीय दुकानांसाठी सगळ्या पूर्व किनाऱ्यावर प्रसिद्ध आहे. साड्यांची दुकाने, सराफ, मिठाईवाले, भारतीय डॉक्टरांच्या पाट्या, सारे एका रस्त्यावर. दिरांचे घर या परिसरापासून चार मैलांवर, चांगल्या शाळांच्या भागात होते. थोरल्या जाऊबाईंना नोकरीतून विमा होता, त्यांची स्त्रीरोगतज्ज्ञ ठरलेली होती आणि गर्भाशयमुखाची तपासणी वेळच्या वेळी होत होती. दोघी एकाच घरच्या सुना, दोघींची मातृभाषा एक, सणवार एक. अमेरिकी आकडेवारीत दोघींची नोंद एकाच रकान्यात होते. जिथे सरासरी उत्पन्न चांगले आणि बहुतेकांकडे विमा आहे अशा परिसरात बेसमेंटमध्ये राहणारी बाई त्या सरासरीत मावून जाते. तिच्यासाठी वेगळा कार्यक्रम आखावा असे कुणाला वाटत नाही, कारण नकाशावर तो भाग सुखवस्तू दिसतो.

सरासरीचा हा खेळ नवा नाही. १९८८ ते १९९२ या काळातील अमेरिकी कर्करोग नोंदणीची आकडेवारी जेव्हा आशियाई गटांनुसार वेगवेगळी मांडली गेली, तेव्हा व्हिएतनामी महिलांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण दर लाखामागे ४३ असल्याचे दिसले. ते गोऱ्या महिलांच्या जवळपास पाचपट होते. 'आशियाई' या एकाच शब्दाखाली ते तोवर झाकले गेले होते. आकडा दिसल्यावर कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीसारख्या ठिकाणी त्याच वस्तीतील, तीच भाषा बोलणाऱ्या महिलांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवण्यात आले, आणि पुढच्या काळात व्हिएतनामी महिलांमधील प्रमाण निम्म्याहून खाली आले.

वैद्यकीय पार्श्वभूमी थोडक्यात अशी. हा कर्करोग जवळजवळ नेहमी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गातून होतो. त्यातील १६ आणि १८ हे दोन प्रकार सुमारे सत्तर टक्के कर्करोगांना कारणीभूत असतात. संसर्गापासून कर्करोगापर्यंतची वाट बहुधा दहा ते वीस वर्षांची असल्यामुळे वाटेत पेशींमधले बदल पकडून ते काढून टाकता येतात. अमेरिकेत दरवर्षी सुमारे तेरा हजार महिलांना हा आजार होतो आणि चार हजारांच्या आसपास मृत्यू होतात. आजार झालेल्यांतल्या सुमारे निम्म्या महिलांची तपासणी कधीच झालेली नसते किंवा क्वचित झालेली असते. भारतात २०२० साली सुमारे १ लाख २४ हजार नवे रुग्ण आणि ७७ हजार मृत्यू अंदाजले गेले. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर महिलांपैकी जेमतेम दोघींनी ही तपासणी कधी तरी केल्याचे सांगितले. भारतातून मध्यम वयात येणारी स्त्री कोरी पाटी घेऊन येते असे धरूनच चालायला हवे.

सुनंदाबाईंची पाटी मात्र अगदी थोडक्यात संधी हुकल्यामुळे कोरी राहिली होती. त्यांचे सासर जुन्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातले. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी त्या जिल्ह्यातील ५२ गावगटांमध्ये तीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास केला होता. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणता येतात, हे जगाला त्या अभ्यासातून कळले. "गाडी यायची, बाया नावं लिहून घ्यायच्या. मधल्या जाऊबाई गेल्या होत्या. मला म्हणाल्या, तुझी तिशी नाही भरली, तू नको," असे सुनंदाबाईंनी मला नंतर सांगितले. त्या वेळी त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या.

समस्या कशी उभी राहिली

आमची आणि त्यांची पहिली गाठ ऑगस्ट २०१९ मध्ये एका सभागृहातील आरोग्य शिबिरात पडली. त्या दिवसाच्या नोंदवहीत एक ओळ आहे: महिला, ४७, रक्तदाब १३८/८८, साखर ठीक, मिठाचे प्रमाण कमी करण्याचा सल्ला. अक्षर माझे आहे. विमा आहे का आणि शेवटची पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, कधी झाली, हे दोन प्रश्न मी विचारले नाहीत, कारण शिबिर रक्तदाब आणि मधुमेहाचे होते आणि रांग मोठी होती.

त्याच सुमारास त्यांना दोन पाळ्यांच्या मधे रक्त दिसू लागले होते आणि अंगावरून पांढरे जात होते. पाळी जायच्या वयात असे होतेच, असा त्यांचा आणि दुकानातल्या बायकांचा समज होता. त्रास वाढल्यावर त्या एका खाजगी दवाखान्यात रोख पैसे देऊन गेल्या. दोन भेटींचे मिळून दोनशे डॉलरच्या वर गेले, गोळ्या आणि मलम मिळाले, आतली तपासणी झाली नाही. ती का झाली नाही हे मला सांगता येणार नाही. रोखीच्या रुग्णाला जास्त खर्चात पाडू नये, असा चांगला हेतूही त्यामागे असू शकेल.

विम्याचा मार्ग त्याच वेळी उघडा होता. १९९६ च्या कायद्यानुसार ग्रीन कार्डधारकांना पहिली पाच वर्षे मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांचा सरकारी विमा, मिळत नाही, हे सर्वांनी ऐकलेले असते. परंतु सरकारी विमा बाजारपेठेतून अनुदानित विमा घेण्याला ही पाच वर्षांची अट नव्हती, आणि कमी उत्पन्नामुळे अनुदानही भरपूर मिळाले असते. नावनोंदणीची मुदत १ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर २०१९ होती. करपत्रक भरून देणाऱ्या माणसाने विमा आहे का, असे विचारले होते. नाही म्हटल्यावर त्याने विमा नसल्याच्या दंडातून सवलतीच्या चौकटीत खूण केली आणि विषय तिथेच संपला.

कुटुंबात भीतीही होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पब्लिक चार्जचा, म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून राहू शकणाऱ्याला ग्रीन कार्ड नाकारण्याचा, नवा नियम जाहीर झाला, तो २४ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला आणि मार्च २०२१ मध्ये मागे पडला. हा नियम प्रामुख्याने ग्रीन कार्ड मागणाऱ्यांसाठी होता. हाती ग्रीन कार्ड असलेल्या सुनंदाबाईंना तो सर्वसाधारणपणे लागू नव्हता. तरीही "सरकारी काही घेतलं की कार्ड जातं" हे वाक्य दुकानाच्या स्वयंपाकघरात रोज ऐकू यायचे. दिरांची धास्ती याहून वेगळी होती, आणि तिला हसण्यात अर्थ नाही. भावाच्या पोषणाची हमी त्यांनी सही करून दिलेली होती, आणि मे २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशात अशा हमीदारांकडून काही सरकारी लाभांची रक्कम वसूल करण्याविषयी लिहिले होते. अनुदानित विमा आणि कर्करोगाची मोफत तपासणी त्या लाभांमध्ये मोडत नव्हते. हा फरक त्यांना कुणी समजावून सांगितला नव्हता, म्हणून त्यांनी घरात एकच सूचना दिली: काही फुकट घेऊ नका, अडचण आली तर मला सांगा. नेमकी ही अडचण मात्र दिरांना सांगण्यासारखी नव्हती.

पहिली तपासणी

जानेवारी २०२० मध्ये संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या एका कार्यक्रमात मला पाच मिनिटे बोलायला मिळाली. समोर बसलेल्या महिलांपैकी बहुतेकींना विमा होता आणि त्या ऐकून घेत होत्या इतकेच. सुनंदाबाई जेवणाच्या कामासाठी आलेल्या होत्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, हाताला पीठ तसेच ठेवून उभ्या होत्या. वाण वाटून झाल्यावर त्या जवळ आल्या. "ताई, ही तपासणी पैशांची असते का?" एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. लाज, संकोच, परंपरा यांविषयी आम्ही जे काही वाचलेले असते, त्यातले काहीही मधे आले नाही. पैसे पडत नाहीत हे कळताच त्यांनी तारीख मागितली.

विमा नसलेल्या आणि दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीपर्यंत उत्पन्न असलेल्या महिलांसाठी राज्यात मोफत तपासणीचा कार्यक्रम आहे. १९९० च्या केंद्रीय कायद्यातून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचाच तो भाग आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुनंदाबाईंची पॅप आणि एचपीव्ही अशी दुहेरी तपासणी झाली. त्या दिवशी मी दुसऱ्या शाखेत होते. मराठी दुभाष्या लवकर मिळेना, म्हणून फोनवर हिंदी दुभाष्या जोडला गेला. तो पुरुष होता. संबंधानंतर रक्त जाते का, हा प्रश्न स्पीकरवरून पुरुषाच्या आवाजात आल्यावर त्यांनी "नाही" असे उत्तर दिले. वस्तुतः जात होते. ते उत्तर खरे मिळाले असते, तर नेहमीच्या तपासणीऐवजी लक्षणे असलेला रुग्ण म्हणून त्यांना थेट पुढे पाठवले गेले असते.

अहवालात एचपीव्ही १६ आढळला आणि पेशींमध्ये एचएसआयएल, म्हणजे तीव्र स्वरूपाचे बदल, दिसले. पुढची पायरी कॉल्पोस्कोपीची, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख जवळून पाहण्याची, होती. १२ मार्चची तारीख देणारे इंग्रजी पत्र टपालाने गेले, घरमालकाच्या पेटीत पडले आणि वरच्या मजल्यावर जाहिरातींच्या गठ्ठ्यात राहिले. केंद्रातून चार वेळा फोन गेला. अनोळखी नंबर त्या उचलत नसत, आणि निरोप इंग्रजीत ठेवलेला होता. १२ मार्चला फाइलवर 'रुग्ण आली नाही' असा शेरा पडला. पुढच्या काही दिवसांत कोविडमुळे तातडीची नसलेली सारी कामे थांबली.

उपलब्ध पर्याय आणि निर्णय

मार्चच्या शेवटी, थांबलेल्या कामांची यादी चाळताना हे नाव माझ्या समोर आले. त्या महिन्यात गर्भाशयमुखाच्या विकारांवरील तज्ज्ञ संघटनेने सौम्य बदल असलेल्या रुग्णांना सहा ते बारा महिने थांबवता येईल, पण तीव्र बदलांची तपासणी तीन महिन्यांच्या आत व्हावी, असे मार्गदर्शन दिले होते. त्यामुळे थांबून राहणे हा पर्याय उरला नाही. प्रश्न होता तो त्यांना शोधायचे कसे.

अर्जावर आपत्कालीन संपर्क म्हणून दिरांचा नंबर होता. एक फोन केला असता तर तासाभरात निरोप पोहोचला असता. दुसरा मार्ग नोंदणीकृत पत्राचा होता. त्यावर सही घरमालकाची झाली असती. मी स्वतः त्यांच्या दाराशी जाणे हा तिसरा मार्ग होता, पण त्या दिवसांत केंद्राने घरभेटी बंद केल्या होत्या. पहिला पर्याय सोपा असूनही मी तो घेतला नाही, कारण हळदीकुंकवाच्या दिवशीच त्या म्हणाल्या होत्या, "भाऊजींच्या घरी कळायला नको." कारण न सांगता नुसते 'फोन करायला सांगा' म्हणता आले असते, मात्र आरोग्य केंद्रातून फोन का आला, हा प्रश्न त्या घरात अटळ होता. माझ्या वरिष्ठांचे मत वेगळे होते. आजार जीवघेणा ठरू शकतो, तिथे गुप्तता थोडी बाजूला ठेवावी, असे त्यांना वाटत होते. आजही त्यांचा मुद्दा मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. आम्ही एक आठवडा इतर मार्ग वापरून पाहायचे आणि त्यानंतर दिरांना फोन करायचा, असे ठरले.

किराणा दुकाने अत्यावश्यक सेवेत असल्यामुळे उघडी होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी मास्क लावून दुकानाच्या मागच्या दारी गेले. कोथिंबिरीच्या ओल्या क्रेट्सच्या बाजूला, सहा फुटांवर उभे राहून मी अहवाल सांगितला आणि पहिल्यांदाच लक्षणांविषयी मराठीत विचारले. संबंधानंतर रक्त जाते, ही गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली. त्या दोन वाक्यांनी त्यांचे नाव डॉक्टरांच्या यादीत वर गेले.

दुसरा निर्णय पैशांचा होता. सन २००० च्या केंद्रीय कायद्याने या कार्यक्रमातून निदान झालेल्या महिलांच्या उपचारासाठी मेडिकेड खुले केलेले आहे, पण तिथे पुन्हा पाच वर्षांची अट आडवी आली. सुनंदाबाईंना दीडच वर्ष झाले होते. सरकारी पैशाने शोधलेल्या आजाराच्या उपचाराला सरकारी पैसा नाही, अशी ती स्थिती होती. विम्याची नावनोंदणी नोव्हेंबरपर्यंत बंद होती. उरली ती न्यू जर्सीतील रुग्णालयांना कायद्याने द्यावी लागणारी चॅरिटी केअर. दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत उत्पन्न असेल तर तीत रुग्णालयाचे पूर्ण बिल माफ होते. तिघांच्या कुटुंबासाठी २०२० मध्ये ती मर्यादा वर्षाला ४३,४४० डॉलर होती. ताशी ११ डॉलर या तेव्हाच्या किमान वेतनावर पतीचे उत्पन्न त्याच्या बरेच आत होते. सुनंदाबाईंच्या रोख मजुरीचा दाखला द्यायला दुकानमालक तयार नव्हते, तेव्हा त्यांच्याच सहीचे निवेदन जोडले.

केलेली कार्यवाही

मेच्या सुरुवातीला कॉल्पोस्कोपी झाली. केंद्रापासून रुग्णालय सहा मैलांवर, पण बस बदलून जायला सव्वा तास लागे, आणि त्या दिवसांत फेऱ्याही कमी होत्या. एक स्वयंसेविका त्यांना स्वतःच्या मोटारीने घेऊन गेली. तुकड्याच्या तपासणीत सीआयएन ३, म्हणजे कर्करोगाच्या अलीकडची सर्वांत तीव्र अवस्था, दिसली आणि एका जागी त्यापुढे गेल्याची शंका आली. राज्यात तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया २६ मेपासून पुन्हा सुरू झाल्या. जूनमध्ये कोन बायोप्सी, म्हणजे गर्भाशयमुखाचा शंकूच्या आकाराचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया, करण्यात आली. अंतिम निदान आयए १ टप्प्याचे होते: कर्करोगाची खोली तीन मिलिमीटरच्या आत, कडा स्वच्छ, रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्यांमध्ये शिरकाव नाही.

या टप्प्यावर दोन मार्ग असतात. मूल होण्याचा प्रश्न उरला नसेल तर गर्भाशय काढणे हा नेहमीचा सल्ला असतो. नाहीतर काटेकोर पाठपुरावा ठेवून थांबता येते. सुनंदाबाईंचे उत्तर तयार होते: "पिशवी काढून टाका, एकदाची कटकट मिटते." या तयारीने मी सावध झाले. आपल्याकडे पिशवी काढणे हा अनेक गावांत सरसकट उपाय झालेला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या प्रकरणात २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली, ते ताजेच होते. त्यांची संमती ही माहितीवरची आहे की सवयीची, हे पाहण्यासाठी आम्ही एका मराठी बोलणाऱ्या परिचारिकेला घेऊन चाळीस मिनिटांची भेट ठरवली. चित्र काढून दोन्ही मार्ग समजावले. शस्त्रक्रियेनंतरही तपासण्या चालूच राहतात, हे त्यांना तिथे प्रथम कळले. त्यांनी निर्णय बदलला नाही, पण वेळ बदलली. सहा आठवडे घरी बसणे त्या उन्हाळ्यात परवडणारे नव्हते. मजुरी रोखीची असल्याने राज्याचा आजारपणाचा भत्ताही मिळणार नव्हता. कडा स्वच्छ असल्यामुळे जवळच्या तारखांना तपासण्या करून काही महिने थांबता येईल, असे डॉक्टरांनी मान्य केले.

दरम्यान भूल देणाऱ्या डॉक्टरांचे वेगळे बिल घरी आले. चॅरिटी केअर रुग्णालयाच्या बिलापुरती असते. स्वतंत्र बिल पाठवणाऱ्या डॉक्टरांना ती बांधील नसते. हे मला माहीत होते, मात्र सांगायचे राहून गेले. त्या बिलामुळे सुनंदाबाई ऑक्टोबरच्या तपासणीला येणार नव्हत्या. बिलाची रक्कम कमी करून हप्ते पाडून घेतल्यावर त्या आल्या. वर्षभरात मला त्या हातून निसटतील असे खऱ्या अर्थाने दोनदाच वाटले. एकदा पत्रामुळे, एकदा या बिलामुळे.

न्यू जर्सीने स्वतःची विमा बाजारपेठ सुरू केल्याचे ते पहिलेच वर्ष होते आणि नोंदणी १ नोव्हेंबर २०२० पासून ३१ जानेवारी २०२१ पर्यंत चालणार होती. आम्ही पहिल्याच आठवड्यात तिघांचा अर्ज भरला. त्याआधी त्यांच्या परवानगीने दिरांशी बोलणे झाले. मी त्यांना फक्त विमा, अनुदान आणि हमीपत्र यांच्याविषयी सांगितले, आजाराचा उल्लेख केला नाही. त्यांनी दोन दिवस स्वतः नियम वाचले आणि मग अर्जाच्या कामात मदत केली. थोरल्या जाऊबाईंना सुनंदाबाईंनीच डिसेंबरमध्ये सांगितले. त्या रागावल्या, ते इतके दिवस न सांगितल्याबद्दल.

निष्पत्ती

फेब्रुवारी २०२१ मध्ये विम्यातून गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या भागात कर्करोग उरलेला नव्हता. किरणोपचार किंवा केमोथेरपी लागली नाही. सहा आठवडे त्या दिरांच्या घरी राहिल्या. दुकानातली जागा दुसरीला दिली गेली होती. पुढे त्यांनी बेसमेंटमधूनच पोळ्यांच्या ऑर्डर घ्यायला सुरुवात केली. योनीमार्गाच्या वरच्या टोकाची तपासणी अशा रुग्णांत निदान पंचवीस वर्षे चालू ठेवावी लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पाच वर्षे पूर्ण झाल्याने मेडिकेडची वाट मोकळी झाली, पण तोवर मुलाला नोकरी लागली होती.

लक्षणांपासून निदानापर्यंत जवळपास दहा महिने गेले आणि तरी टप्पा पहिलाच निघाला. याचे श्रेय कुणाला द्यायचे तर ते बरेचसे नशिबाला द्यावे लागेल. संसर्ग बहुधा भारतात असतानाच झालेला होता आणि त्याची वाट अनेक वर्षे चालू होती. अमेरिकेत आल्यापासून निदानापर्यंतचे वीस महिने एवढाच तुकडा आमच्या हातात होता, आणि त्यातला अर्धा आम्ही घालवला.

वेगळे काय करता आले असते

ऑगस्ट २०१९ च्या नोंदवहीतील ती ओळ मला सर्वांत जास्त खटकते. दोन जादा प्रश्नांना एक मिनिट लागले असते. त्यानंतर तपासणी पाच महिने आधी झाली असती, डिसेंबरच्या मुदतीत विमा उतरला असता आणि कोविड येण्याआधी सारे आटोपले असते. शिबिर कोणत्याही आजाराचे असो, चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीला हे दोन प्रश्न आता विचारले जातात.

कॉल्पोस्कोपीची तारीख पत्राने कळवण्याची पद्धत स्वतंत्र टपालपेटी, इंग्रजी वाचता येणे आणि अनोळखी नंबर उचलण्याची सवय या तीन गोष्टी गृहीत धरते. चार मैलांवरच्या जाऊबाईंकडे त्या तिन्ही होत्या. नोंदणीच्या वेळीच 'तुमचे टपाल कोणाच्या पेटीत येते', 'कोणत्या ॲपवर निरोप ठेवू' आणि 'घरातल्या कोणाला कळलेले चालणार नाही' हे विचारून ठेवले असते, तर दिरांना फोन करावा की नाही या पेचातच आम्ही सापडलो नसतो. हे तिन्ही प्रश्न अर्जात घातले आहेत. रुग्णाने स्वतः नमुना घेण्याची एचपीव्ही चाचणी त्या वेळी अमेरिकेत मान्य नव्हती. मे २०२४ मध्ये तिला आरोग्य केंद्रांत वापरण्याची मान्यता मिळाली. सुनंदाबाईंच्या बाबतीत तिने फरक पडला असता असे मला वाटत नाही, कारण त्या तपासणीला आल्याच होत्या. गळती अहवालानंतर झाली.

दुभाष्याचा प्रश्न सुटलेला नाही. स्त्रीरोग तपासणीच्या वेळी दुभाषी स्त्रीच असावी, अशी मागणी केंद्राने सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे दोनदा केली. कंत्राटात भाषा निवडण्याची सोय आहे, दुभाष्याचे लिंग निवडण्याची नाही, असे उत्तर दोन्ही वेळा आले. तोवर तपासणीच्या दिवशी मराठी, गुजराती किंवा तेलुगू बोलणारी कोणी कर्मचारी हजर असेल अशाच तारखा द्यायच्या, असे आम्ही ठरवले आहे. त्यामुळे प्रतीक्षा साधारण दोन आठवड्यांनी वाढली आहे.